आकडा आला, पुढे काय?

उत्साही : मधुमेहातले बहुतेक निर्णय दवाखान्यात होतच नाहीत, इथून सुरुवात करू. भात किती वाढून घ्यायचा, पाहुण्यांकडे दुसऱ्यांदा चहा घ्यायचा का, जेवण लांबलं तर गोळीचं काय करायचं, हे रोज ठरवावं लागतं आणि ते रुग्णालाच ठरवावं लागतं. डॉक्टर भेटतात दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही पाच-दहा मिनिटं. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे चार प्रौढांमागे एकाहून थोडं जास्तच. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आपण या पिढीत काही तयार करू शकत नाही. मग रुग्णाच्या हातात स्वतःची शुगर पाहण्याचं साधन देणं एवढाच व्यवहार्य मार्ग उरतो. दंडावर दोन आठवडे चिकटून राहणारा सेन्सर, त्याचा आलेख दाखवणारा फोन, फोनला जोडलेला ग्लुकोमीटर, खाण्याची आणि चालण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप, यांना चैन म्हणणं मला पटत नाही.

साशंक : चैन मीही म्हणत नाही. पण रोग मोठा म्हणून साधन हवं, या दोन गोष्टींमधली एक पायरी तुम्ही गाळलीत. आकडा दिसल्यावर शुगर आपोआप खाली येत नाही, त्यासाठी आकडा पाहून काहीतरी बदलावं लागतं. इन्सुलिन घेणाऱ्याला डोस बदलता येतो, जेवणाची वेळ जुळवता येते, त्याच्यासाठी आकडा म्हणजे पुढच्या कृतीची सूचना असते. आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण मात्र टाइप टूचे आणि गोळ्यांवर असलेले आहेत. अशा माणसानं सकाळी बोट टोचलं, उपाशी पोटीची शुगर १६२ आली. गोळी तीच राहते, डबा तोच राहतो, डॉक्टरांची तारीखही तीच. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० रुग्णांवर हाच प्रश्न तपासला गेला. एका गटानं घरी शुगर तपासलीच नाही, दुसऱ्यानं रोज एकदा तपासली, आणि तिसऱ्याच्या ग्लुकोमीटरवर आकड्याबरोबर त्या रुग्णाला अनुरूप असा संदेशही येत होता. वर्षानंतर तिन्ही गटांच्या एचबीएवनसीत, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरमध्ये, लक्षणीय फरक नव्हता. अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या अ‍ॅपचा गाभा त्या तिसऱ्या गटात होता, हे लक्षात घ्या.

उत्साही : लक्षात घेतो, पण तो अभ्यास दिवसातून एकदा बोट टोचण्याचा होता. एक आकडा म्हणजे एका क्षणाची शुगर. सेन्सर दर काही मिनिटांनी नोंद घेतो, त्यामुळे रुग्णाला रेषा दिसते. कशानं चढली, किती वेळ चढलेली राहिली, पहाटे का वाढते, हे त्या रेषेतून कळतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबाइल’ नावाच्या चाचणीत टाइप टूचे, फक्त दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन घेणारे १७५ रुग्ण होते. आठ महिन्यांत सेन्सर वापरणाऱ्यांची एचबीएवनसी ९.१ वरून ८.० वर आली, बोट टोचून तपासणाऱ्यांची ९.० वरून ८.४ वर. हा फरक साधनाचा आहे. शिवाय काही गोष्टी सेन्सरशिवाय कळतच नाहीत. एचबीएवनसी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी, ती रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग झाला की ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णात पेशी लवकर मरतात, म्हणून ती खोटी कमी येते. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि पंडुरोग तर आपल्या बायकांमध्ये सगळीकडे आहे. ज्या तपासणीला आपण प्रमाण मानतो तीच जिथं फसवते, तिथं चौदा दिवसांचा सेन्सर हा खरा साक्षीदार ठरतो. म्हणजे ज्याला शहरी श्रीमंतांचं खेळणं म्हणून हसतात, त्याची सर्वांत पक्की गरज कदाचित आदिवासी जिल्ह्यात आहे.

साशंक : हा मुद्दा चांगला आहे, आणि तो कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीत मला दिसत नाही, हेही बोलकं आहे. पण तुमची उदाहरणं तुम्हाला कुठं नेताहेत ते पाहा. ‘मोबाइल’मधले रुग्ण इन्सुलिनवर होते. सिकलसेलच्या रुग्णाला सेन्सर लावायचा तो डॉक्टरला निदान आणि औषध ठरवता यावं म्हणून, चौदा दिवसांसाठी. दोन्ही ठिकाणी आकड्याच्या पुढे एक ठरलेला निर्णय उभा आहे. मी तेवढंच म्हणते : साधन निवडायचं तर ते काय काय दाखवतं याची यादी बाजूला ठेवावी आणि त्यामुळे कोणता निर्णय बदलणार आहे ते आधी विचारावं. उत्तर नसेल तर सेन्सर म्हणजे घराबाहेर बसवलेला आणि कुणीच न पाहणारा सीसीटीव्ही. आता खर्च पाहा. आजच्या भावानं एक सेन्सर चार-पाच हजारांचा आणि चालतो चौदा दिवस. वर्षभर लावला तर सव्वीस सेन्सर, लाखाच्या वर हिशेब. एचबीएवनसी काही शे रुपयांत होते. गोळ्यांवरच्या माणसानं तो लाख रुपये डोळ्यांची तपासणी, पायांची तपासणी, लघवीतली प्रथिनं, चांगली पादत्राणं यांवर घातले तर त्यातून काय निष्पन्न होईल, याची तुलना कुणी मांडत नाही.

उत्साही : वर्षभर लावा असं मीही म्हणणार नाही. वर्षातून दोनदा, चौदा-चौदा दिवस लावला तरी माणूस स्वतःच्या ताटाबद्दल पुष्कळ शिकतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन ‘आज तर उपास होता’ म्हणणाऱ्याला त्याच्याच शुगरची रेषा दाखवली, तर पथ्यावरच्या दहा व्याख्यानांचं काम ती एका दुपारी करते. (साबुदाण्यासारख्या जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थाला उपासाच्या पंगतीत मानाचं पान कसं मिळालं, यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) ज्वारीची भाकरी ‘शुगरला चांगली’ म्हणून चार खाल्ल्या तर काय होतं, तेही कळतं. मुख्य म्हणजे हे शिक्षण व्यक्तिगत असतं. तोच भात दोघांनी खाल्ला तर दोघांची शुगर सारखी चढत नाही, आणि छापील तक्त्यात हा फरक कधी येत नाही.

साशंक : व्यक्तिगत शिक्षणाचं मला आकर्षण आहे, पण त्या रेषेवर किती विसंबायचं हेही शिकवावं लागतं. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. शुगर वेगानं वर-खाली होत असते तेव्हा तो पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. रात्री त्याच कुशीवर झोपलं की दाबामुळे शुगर खोटी कमी दाखवतो. घरच्या ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की शुगर १०० किंवा त्यापेक्षा जास्त असेल तर ९५ टक्के वेळा मोजमाप १५ टक्क्यांच्या आत असलं की पुरे. म्हणजे खरी शुगर २०० असताना मीटरनं १७० किंवा २३० दाखवलं तरी यंत्र नियमात बसतं. आंबा खाऊन हात न धुता बोट टोचलं तर विचारूच नका. हे सगळं डॉक्टर धरून चालतात, फोनचा पडदा मात्र १८७ हा आकडा असा दाखवतो की जणू तो दगडावर कोरला आहे. त्यातून माणसं १८७ आणि १७६ यांतल्या फरकाचं कारण शोधत बसतात. कारण बहुधा नसतंच.

उत्साही : अचूकतेचा मुद्दा अनिश्चितता समजावून सांगण्याचा आहे, त्यासाठी साधन नाकारायची गरज नाही. तुमच्या बाजूनं मी आणखी वाईट उदाहरणं देतो. कातडीला न टोचता शुगर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की स्वतःहून असं मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. २०१५ साली संशोधकांनी इन्सुलिनचा डोस काढून देणारी ४६ अ‍ॅप्स तपासली, तेव्हा त्यांतल्या ६७ टक्के अ‍ॅप्समध्ये चुकीचा डोस सुचवण्याचा धोका आढळला. वजन आणि उंचीवरून ‘तुम्ही सुरक्षित आहात’ असं सांगणारी अ‍ॅप्सही आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला फोटो अशा अ‍ॅपवाल्यांनी पाहायला हवा : दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तेव्हा बाजारात कचरा आहे हे मान्य. कचरा वेचायला मात्र निकष लागतात आणि ते आपल्याला सांगता येतात : टोचल्याशिवाय शुगर सांगणारं नको, डॉक्टरांशी न बोलता इन्सुलिनचा डोस ठरवणारं नको, पोहे आणि आमटी ओळखत नसलेलं नको, आणि आपली माहिती कुठं जाते हे साध्या भाषेत न सांगणारं नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाच आहे.

साशंक : कायदा झाला, पण फुकट अ‍ॅपचा खर्च कुणीतरी भरत असतोच, एवढं म्हणून तो विषय सोडते. मला अधिक छळतो तो घरातला प्रश्न. अनेक सेन्सरांत अशी सोय असते की आकडे दुसऱ्याच्या फोनवरही दिसतात. कोथरूडमधल्या आईची शुगर न्यू जर्सीतल्या मुलाला दिसते. काळजी म्हणून सुरू झालेलं हे फार पटकन पाळत होतं. दुपारी रेषा चढली की फोन येतो : ‘आई, काय खाल्लंस?’ शेजारच्या बारशाला अर्धा पेढा खाल्ला तर त्याचा पुरावा खंडापलीकडे पोहोचलेला असतो. आपल्याकडे मधुमेह आधीच नैतिक आजार झालाय. शुगर वाढली म्हणजे जिभेवर ताबा नाही, असा शिक्का बसतो. झोप, जंतुसंसर्ग, स्टिरॉइड, मनावरचा ताण, इतकंच काय नुसतं आजाराचं वयही शुगर वाढवतं, हे कुणी ऐकून घेत नाही. उत्तर आयर्लंडमधल्या एका चाचणीत नव्यानं निदान झालेल्या टाइप टूच्या १८४ रुग्णांपैकी काहींना घरी शुगर तपासायला सांगितलं. वर्षानंतर त्यांची शुगर इतरांपेक्षा बरी नव्हती, पण नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत त्यांचे गुण सहा टक्क्यांनी वाढलेले निघाले. अभ्यास २००८ सालचा, सेन्सरच्या आधीचा. दिवसातून एकाऐवजी शेकडो आकडे, आणि तेही मुलाच्या फोनवर, यांचं मनावर काय होत असेल हा प्रश्न त्यामुळे जुना ठरत नाही.

उत्साही : त्याच मुलाच्या बाजूनं पाहू. आई एकटी राहते, ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेते, कधी जेवायचं विसरते. पहाटे तीन वाजता शुगर ५० पर्यंत उतरली तर तिला घाम फुटेल, गोंधळ होईल, कदाचित ती पडेल, आणि सकाळी मोलकरीण येईपर्यंत कुणाला कळणार नाही. सेन्सर अशा वेळी वाजतो. तुम्ही ज्याला पाळत म्हणता तीच इथं जीव वाचवते. अर्ध्या पेढ्यावरचा फोन हा त्या कुटुंबाचा स्वभावदोष झाला. सेन्सर नसता तर रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तीच उलटतपासणी झाली असती. आकडे कुणाला दिसावेत आणि कुठल्या पातळीखाली गेल्यावरच इशारा वाजावा, हे ठरवता येतं. उंच रेषा मुलाला दाखवूच नका, फक्त खाली घसरल्याचा इशारा जाऊ द्या. साधन कोणतं, यापेक्षा त्याची मांडणी कशी, हा निवडीचा मोठा भाग आहे.

साशंक : आणि ती मांडणी कोण करून देणार? औषधाच्या दुकानातला मुलगा? इथं मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. भारत आणि पाकिस्तानातल्या दहा मधुमेह केंद्रांत ‘कार्स’ नावाची चाचणी झाली, १,१४६ रुग्णांवर. त्यात डॉक्टरला सल्ला सुचवणारं सॉफ्टवेअर होतं, आणि त्याबरोबर रुग्णाशी सतत संपर्क ठेवणारा एक समन्वयक होता, डॉक्टर नसलेला. शुगरबरोबरच रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलही लक्ष्याच्या आत आणणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारात ८.१ टक्के होतं, या गटात १८.२ टक्के. दुपटीहून जास्त. नंतर हरियाणा आणि कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत ‘एमवेलकेअर’ नावानं टॅबलेटवरचं असंच सॉफ्टवेअर नर्सच्या हाती दिलं. तुलनेच्या केंद्रांतही डॉक्टर आणि नर्सना प्रशिक्षण दिलेलं होतं. वर्षानंतर दोन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात फरक दिसला नाही. मी याचा अर्थ असा लावते की काम शिकवलेल्या माणसानं केलं, सॉफ्टवेअर सोबत होतं. सेन्सरवरचे लाख रुपये एका नर्सच्या पगारात घातले तर ती किती रुग्णांची घडी बसवेल, ते मोजा.

उत्साही : पण सेन्सर घेणारा ते लाख रुपये नर्सला देणार नाही, हेही खरं आहे. सरकारनं नेमावी तर ती नेमली जाईपर्यंत लोकांच्या डोळ्यांत आणि मूत्रपिंडात बिघाड साचत राहतो. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासानं १९९८ सालीच दाखवलं की एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७.० च्या आसपास ठेवता आली तर दहा वर्षांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार चौथाईनं कमी होतात. माणसाची वाट पाहणं फुकट पडत नाही. आणि माणसाशिवाय साधन चालतच नाही, या तुमच्या म्हणण्याला आपल्याच देशातून उत्तर आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांवर प्रयोग केला. सगळ्यांना सुरुवातीला सारखाच सल्ला दिला, मग निम्म्यांना दोन वर्षं आहार आणि व्यायामाबद्दल मोबाइलवर एसएमएस पाठवले. दोन वर्षांत त्यांच्यातल्या १८ टक्क्यांना मधुमेह झाला, इतरांतल्या २७ टक्क्यांना. निष्कर्ष २०१३ साली आले. ना समन्वयक, ना नर्स. साधा फोन.

साशंक : हा अभ्यास मला अडचणीत आणतो, कबूल. पण तुम्हालाही आणतो. त्या एसएमएसमध्ये आकडा नव्हता. रेषा नव्हती, सेन्सर नव्हता, स्वतःच्या ताटाचं व्यक्तिगत शिक्षण नव्हतं. कुणाला आपली शुगर त्या क्षणी किती आहे हे ठाऊकच नव्हतं. तरी फरक पडला. तुम्ही सुरुवात केलीत ती स्वतःची शुगर दिसणं हाच मार्ग आहे असं म्हणून, आणि पुरावा देताय तो काहीही न दाखवणाऱ्या साधनाचा. शिवाय ते मधुमेही नव्हते, उंबरठ्यावरचे होते. आणि मजकूर सरसकट एकच नव्हता, माणूस सवय बदलण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून ठरत होता. म्हणजे ते आधी कुणीतरी नीट विचार करून लिहून ठेवलं होतं.

उत्साही : नीट विचार करून लिहून ठेवलेले नियम, म्हणजे सॉफ्टवेअरच ना?

साशंक : मग नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लुकोमीटरवरचे संदेश का चालले नाहीत? तेही नियमांनीच येत होते.

उत्साही : ते आकड्यावरची प्रतिक्रिया म्हणून येत होते. आधी आकडा, मग त्याच्यावरचा शेरा. चेन्नईचे संदेश कृतीची आठवण करून देत होते, निकाल देत नव्हते. मला वाटतं फरक तिथं असावा, पण सिद्ध करता येत नाही. दोन देश, दोन वयोगट, एका ठिकाणी रोगी आणि दुसरीकडे उंबरठ्यावरचे. तुलना कच्ची आहे.

साशंक : कच्ची असली तरी तिचा रोख कुठं आहे पाहा. गोळ्यांवरच्या माणसासाठी अ‍ॅप निवडताना त्यातला आकडा काढून टाकावा आणि आठवण तेवढी ठेवावी, असं तुम्हीच म्हणू लागलात.

उत्साही : गोळ्यांवरच्यासाठी कदाचित. तिथंही वर्षातून एक सेन्सर मी राखून ठेवेन, औषध बदलायच्या वेळी, डॉक्टरांनी वाचावा म्हणून. इन्सुलिनवरच्यासाठी मात्र मुळीच नाही, त्याला आकडा रोज हवा. अडतो मी त्या दोघांच्या मधल्या बाईपाशी. ग्लिमेपिराइडवर आहे, एकटी राहते, शुगर खाली गेली तर कळायला हवं, पण वर गेल्याची प्रत्येक चढण पाहून ती जेवणच धास्तावून टाकेल अशा स्वभावाची आहे. तिला सेन्सर द्यायचा, की आधी डॉक्टरांना गाठून शुगर एवढी खाली न नेणारी दुसरी गोळी मागायची?

साशंक : दुसरी गोळी मिळाली तर सेन्सर लागणार नाही. पण शुगर खरंच खाली जातेय हे डॉक्टरांना पटवायला आधी तोच लावावा लागेल.